बसवली तर बसते

आमच्या जीपची डावीकडची बैठक जागेवरून सुटली, त्या वेळी तिच्यावर आमची आई बसलेली होती. २०२३ सालचा फेब्रुवारी महिना. भद्रावतीहून चंद्रपूरकडे जाताना घोडपेठच्या अलीकडे पुढच्या कोळशाच्या ट्रकने एकाएकी वेग आवरला, आम्हीही ब्रेक दाबला, आणि आई बैठकीसकट पुढे गेली. वेग फार नव्हता. हात टेकल्यामुळे डोके वाचले; मनगट मात्र मोडले. दवाखान्यात प्लास्टर चढत असताना ती एवढेच म्हणाली, "खुर्ची कशी काय निघाली रे?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे आठ महिने गेले, आणि ते उत्तर आमच्या फारसे सोयीचे निघाले नाही.

गाडी १९८८ची, महिंद्राची एमएम ५४०. आमचे वडील तेंदूपानांच्या एका ठेकेदाराकडे मुनीम होते. एप्रिल-मे हे दोन महिने ते गडचिरोलीच्या जंगलात फळीवर मुक्काम ठोकून असत. पुडे मोजणे, चुकारे करणे, पाऊस यायच्या आत माल गोदामात पोहोचवणे ही त्यांची कामे. ठेकेदाराचा धंदा बसला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात ही जीप आमच्या दारात आली. वडील गेल्यावर ती विकावी असे सगळ्यांनी सुचवले. आम्ही विकली नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला फोर व्हील गिअरची गाडी कशाला लागते, हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर आमच्यापाशी मुद्देसूद उत्तर नाही, आणि तसले उत्तर प्रत्येक गोष्टीला असावेच असा आमचा आग्रहही नाही.

असो. गाडी मिस्त्रींकडे नेली. भद्रावतीत एकीकडे आयुध निर्माणी आणि दुसरीकडे माजरीच्या कोळसाखाणी असल्यामुळे लोखंडाची जाण असलेली माणसे येथे गल्लोगल्ली सापडतात. आमचे मिस्त्री त्यांपैकीच, ट्रकांवर हात बसलेले. गाडीखाली झोपून त्यांनी एक बोल्ट बाहेर काढला, पुसला आणि आमच्या तळहातावर ठेवला. "हा कोनं लावला, सर?"

आम्हीच लावला होता. दीड वर्षापूर्वी जुना बोल्ट गंजून तुटला, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून आठ मिलिमीटरचे चार बोल्ट आणून एका रविवारी आम्ही स्वहस्ते ते कसले होते. पहिले दोन-तीन फेरे सुरेख गेले. पुढे जड लागले, तेव्हा घट्ट बसला असे समजून पाना बाजूला ठेवला. तळपत्र्यातले नट होते पाच-षोडशांश इंचाचे. पाच-षोडशांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठाशी फरक नखाएवढाही नाही. फरक असतो आट्यांत. आठच्या बोल्टाला दर सव्वा मिलिमीटरवर एक आटा. त्या इंची नटात दर इंचाला अठरा, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटरवर एक. दोघांची पावले पहिल्या दोन-तीन आट्यांपुरती जुळल्यासारखी वाटतात आणि मग एकमेकांना खाऊ लागतात. आम्हांला जो घट्टपणा वाटला, तो धातू फाटत असल्याचा होता.

मिस्त्री रागावले नाहीत, हे जास्त लागले. म्हणाले, "सर, गाडी एक हाये, पन तिच्या अंगात दोन मुलूख हायेत."

हे दोन मुलूख कोणते, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. मूळ नमुना बँटम या छोट्या कंपनीने १९४० साली करून दिला, मोठे काम मिळाले विलीसला, आणि विलीसचे कारखाने पुरेनात म्हणून तेच आराखडे फोर्डच्या हाती देण्यात आले. अट अशी की एकाचा भाग दुसऱ्याच्या गाडीत विनातक्रार बसला पाहिजे. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी राहिली पाहिजे. फोर्डने अट पाळली, पण अभिमान सोडला नाही: आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, एफ हे अक्षर उमटवले. दुसऱ्याची संहिता अक्षरशः उतरवून घेताना प्रत्येक पानावर आपली मुद्रा उठवणारा हा लेखनिक आम्हांला फार आवडतो. पुढे महिंद्रांनी हीच गाडी मुंबईत जुळवायला आणि नंतर बनवायला घेतली. तिच्याबरोबर अमेरिकी इंच आला. आमच्या गाडीत मात्र डिझेल इंजिन आहे ते फ्रेंच प्यूजोच्या घराण्यातले, २११२ सीसीचे, आणि फ्रेंच माणूस मिलिमीटरशिवाय बोलत नाही. परिणामी बॉनेटखाली एक भाषा आणि चाकांपाशी दुसरी. दोन पानासंच बाळगल्याशिवाय ही गाडी वाचता येत नाही.

अपघातात बैठकीची नळी वाकली होती, कड्याची वेल्डिंग तडकली होती. आम्ही ठरवले की आता डागडुजी नको. मूळ बैठकांची जोडी मिळवायची आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची. या निर्धारामागे पश्चात्ताप होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही. आणखी एक निमित्त होते. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची पाळी त्याच वर्षअखेरीस होती. शिवाय निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमासंदर्भात दिलेला. बैठका बदलल्याने कोणी तुरुंगात टाकत नाही. पण शिक्षकी पेशाची माणसे कायद्याला जरा अधिकच भितात.

शोध सुरू झाला. चंद्रपूर झाले, नागपूर झाले. सुट्या भागांच्या बाजारात 'ओरिजिनल' या शब्दाचे जेवढे अर्थ आम्ही ऐकले, तेवढे पाठचिकित्सेच्या वर्गात वीस वर्षांत सांगितले नसतील. 'कंपनीचा' म्हणजे कंपनीच्या डबीतला. 'ओरिजिनल' म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्याने परस्पर विकलेला. 'ओरिजिनलसारखा' म्हणजे नकली. 'गाडीतून काढलेला' म्हणजे जुना पण अस्सल, आणि हा बहुधा सर्वांत महाग. दिल्लीच्या मायापुरीतून एकाने फोनवर छायाचित्रे पाठवली. त्या बैठका सुंदर होत्या आणि दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीच्या होत्या. डबवालीच्या बाजूला जीपा नव्याने सजवून देण्याचा मोठा धंदा चालतो. तिथल्या एकाने चौकशी करताच लाल-काळ्या रंगाच्या बैठका देऊ केल्या. डोके टेकायला उशी, कमरेला आधार, वर शिवलेला सिंह. आमच्या आईला सिंहावर बसवण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटले नाही.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली गेली, ती १९६६मध्ये पुरी झाली. देशभरातल्या पोथ्या ताडून सुकथनकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी काय केले, ते आम्ही दरवर्षी भक्तिभावाने शिकवतो. त्यांनी मूळ संहिता सापडली असा दावा केला नाही, उपलब्ध पोथ्यांवरून मागे जिथवर जाता येते तिथवर आम्ही गेलो, एवढेच म्हटले, हेही आवर्जून सांगतो. नागपूरच्या दुकानात मात्र आम्ही ओरडलो होतो, "मला मूळच पाहिजे!" दुकानदाराने चहा मागवला.

मोहर्लीचा फेरा वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. ताडोब्याच्या सफारीतून निवृत्त झालेल्या जिप्सींचे अवशेष तिकडे मिळतील असे कोणी तरी सुचवले. मारुतीची ही गाडी १९८५मध्ये आली आणि २०१९नंतर तुम्हां-आम्हांला नवी मिळेनाशी झाली, त्यामुळे तिचे भागही आता जपून काढले जातात. तिथे एका चालकाने गंमत दाखवली: जिप्सीच्या चाकाची पाच भोके आणि जीपच्या चाकाची पाच भोके एकाच मापाच्या वर्तुळावर आहेत. तिकडे १३९.७ मिलिमीटर म्हणतात, इकडे साडेपाच इंच, आकडा तोच. जपानी आणि अमेरिकी माणसांनी वेगवेगळ्या भाषांत एकच वाक्य लिहावे तसे. आम्ही हरखलो. चालक म्हणाला, "भोकं जुळली म्हनून चाक जुळलं असं नसते, सर. नट तुमचा इंची हाये, चाक भाईर किती निंगते थेही पाहा लागते." जिप्सीच्या बैठकाही आम्ही आणून पाहिल्या. त्यांची सरकपट्टी आमच्या चार भोकांपैकी दोनच भोकांना भेटे. "नवी भोकं मारू, बसवली तं कोनतीही बसते," असे मिस्त्री म्हणाले आणि ड्रिल हातात घेऊन थांबले. कारण आमचा चेहरा त्यांना दिसला असावा.

अखेर जोडी मिळाली ती आलापल्लीकडे. एका घराच्या मागे मोहाच्या झाडाखाली आमच्याच जातीची जीप वर्षानुवर्षे उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मालकीणबाईंनी दोन्ही बैठका नाममात्र किमतीत दिल्या. फोम कुजलेला, रेक्झिन फाटलेले, पण सांगाडे सरळ. घरी आणून तळपत्र्यावर ठेवल्या आणि चारही भोके आपोआप समोरासमोर आली. तो क्षण आम्हांला कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटला, हे कबूल करतो.

त्याच आठवड्यात गादीवाल्या चाचांकडे दोन्ही संच नेले: नवे मढवायला, आणि जुने फक्त वरच्या आवरणाचा नमुना म्हणून. वडिलांच्या बैठकीचे काळे रेक्झिन चाचांनी उसवले. खाली तपकिरी रेक्झिन निघाले, त्याखाली ताडपत्रीचा जाड तुकडा, त्याखाली काथ्या आणि अगदी तळाशी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधलेल्या. चाचांनी सांगाडा उलटा केला, दोन्ही सांगाडे शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "ये जीप की नहीं है, सर. मॅटाडोर की है."

आमचा विश्वास बसेना. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर होत्या. मुनीम माणूस, खिळासुद्धा लिहून ठेवणारा. १९९३च्या वहीत, तेंदूचा हंगाम संपल्यानंतरच्या पानावर, नोंद सापडली: सीट जोडी, मॅटाडोरची, वरोरा, रुपये ३५०. खालच्या ओळीत: लोखंडी पट्ट्या व वेल्डिंग, रुपये ६०. त्याखाली आणखी खालच्या आवाजात लिहिल्यासारखे: कंबर. बस्स, एवढाच शब्द. मूळ बैठका त्यांनी स्वतःच काढून टाकल्या होत्या. जंगलातल्या रस्त्यांवर त्या सरळसोट, पातळ पाठींनी त्यांची कंबर धरली असणार. मॅटाडोरची पाठ उंच आणि जरा मागे कललेली. जी बैठक आम्ही तीस वर्षे जीपची म्हणून ओळखत होतो, वडिलांच्या आठवणीत जी कारखान्यातूनच त्यांच्याखाली आली होती, ती त्यांनी वरोऱ्याला घासाघीस करून आणलेली होती. आणि ती त्यांनी इंची नटांत इंची बोल्टांनीच कसली होती. तो जुना, गंजून तुटलेला बोल्ट आमच्या खोक्यात अजून आहे, आम्ही मापून पाहिला.

आलापल्लीची जोडी मढवून बसवली. आईला आणून बसवले. तिचे मनगट तोवर जुळले होते, जरा वाकडे. ती दोन मिनिटे बसली, पाय पुढे-मागे केले आणि म्हणाली, "ही नको. यांची कुठंय?"

मग मिस्त्रींनी मॅटाडोरच्या वाकलेल्या सांगाड्याची नळी बदलली, कडे नव्याने जोडले, पट्ट्या जाड घेतल्या, तळपत्र्याखाली लोखंडी पाटी दिली. त्यामुळे आज आमच्या गाडीत उजवीकडे अस्सल बैठक आहे, तिच्यावर आम्ही बसतो आणि आमची कंबर दुखते. डावीकडे मॅटाडोरची आहे, तिच्यावर आई बसते. डिसेंबरात तपासणीला गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चेसिसचा क्रमांक घासून पाहिला. दोन बैठका दोन तऱ्हांच्या का, असे विचारले. "आईसाठी," असे आम्ही सांगितले. त्यांनी बैठक हाताने दोनदा गदगदा हलवली. ती हलली नाही. पाच वर्षांची मुदत मिळाली.

आलापल्लीची दुसरी अस्सल बैठक घरी शिल्लक होती. गेल्या दिवाळीनंतर वरोऱ्याकडच्या एका तरुणाचा फोन आला. त्याने आजोबांची जीप उभी करायला घेतली आहे आणि त्याला मूळचीच बैठक हवी आहे, दुसरी कोणतीही चालणार नाही. त्याचा स्वर आम्ही ओळखला. वहीतल्या त्या नोंदीविषयी त्याला सांगावे असे क्षणभर वाटले, पण फोन त्याने केला होता, खर्चही त्याचाच होणार होता. बैठक देऊन टाकली. तिच्याबरोबर चार बोल्ट पाठवले, पाच-षोडशांशाचे, इंचाला अठरा आट्यांचे. ते ज्या कागदात गुंडाळले त्यावर माप मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली एक रेघ ओढली.