हिशोब शिकवणारे माणूस

बंगळुरूच्या दक्षिणेकडील बनशंकरी या उपनगरात, बसस्थानकाच्या आसपास आणि बीडीए संकुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, बेकरीच्या काचेवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या दारावर किंवा कापडदुकानाच्या गल्ल्यामागे हाताने लिहिलेला एक कन्नड मजकूर पुन्हा पुन्हा आढळतो आणि त्याचा अर्थ एवढाच असतो, की कामाला मुले हवी आहेत. या पाट्यांचे वाङ्मय मोठे कंजूष आहे. त्यांत पगार नसतो, कामाचे तास नसतात, शिक्षणाची अट क्वचितच असते. खाली फक्त एक फोन नंबर असतो आणि दहावी-बारावीची परीक्षा देऊन रिकामा झालेला मुलगा त्या नंबराकडे पाहत पगाराचा अंदाज बांधत राहतो. मात्र ज्या गोष्टीवर त्या पहिल्या कामाचे खरे मोल ठरायचे असते ती वेगळीच असते. त्या दुकानात दिवसभर त्याच्या शेजारी कोणते माणूस उभे राहणार आहे, हे पाटीवर लिहिण्याची पद्धत कोणत्याही गावात नाही.

पाटीवरच्या मुलांचे वय दुकानदार चेहऱ्यावरून ठरवतो, तर कायदा ते वर्षांत मोजतो. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास जवळजवळ सर्वत्र बंदी आहे, आणि चौदा ते अठरा या वयोगटाला, ज्याला कायदा किशोरवयीन म्हणतो, खाणी, स्फोटके आणि इतर धोक्याची कामे सोडून बाकी कामे करता येतात. या वयोगटासाठी कायद्याने आखलेला दिवसही वाचण्याजोगा आहे: सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून एकूण सहा तासांचा पसारा, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी. असा दिवस बंगळुरूतल्या कोणत्या दुकानदाराने प्रत्यक्षात आखला असेल, याची कल्पना करणे अवघड आहे. परंतु ज्याने कोणी तो मसुदा लिहिला, त्याला पंधरा वर्षांच्या पायांना किती वेळ उभे राहवते हे नक्की ठाऊक असावे.

कायद्यात एक फटही ठेवलेली आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या व्यवसायात मदत करणारे मूल, काम धोक्याचे नसेल तर, बालकामगार ठरत नाही. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या देवळाबाहेर ही फट प्रत्यक्ष पाहता येते. ही देवी मूळची बदामीची, शाकंभरी या नावाने ओळखली जाणारी आणि अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत असलेली. बंगळुरूतील देऊळ १९१५ च्या सुमारास सोमण्णा शेट्टी या भक्ताने उभारले, आणि पुढे त्याच देवीचे नाव घेऊन सभोवतीची वस्ती टप्प्याटप्प्याने पसरली. राहुकाळ ही एरवी शुभकार्याला वर्ज्य मानलेली वेळ, पण येथे पूजेसाठी तीच निवडली जाते, आणि अर्धे लिंबू पिळून, त्याची साल उलटी करून, तिच्या वाटीत तेल व वात घालून दिवे लावले जातात. फुलांच्या आणि लिंबांच्या विक्रीत आईबापांच्या हाताखाली मुलेही वावरताना दिसतात, आणि त्यांना सुटे पैसे मोजण्याचा जो सराव असतो तो वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही नसतो. तरीही त्या कामाला पहिली नोकरी म्हणता येत नाही, कारण चूक झाली तर रागावणारी तिथे आई असते, आणि आईच्या रागाचा निवाडा रात्रीच्या जेवणापर्यंत होऊन जातो.

मराठी मध्यमवर्गाने शिकत्या मुलाच्या कमाईकडे नेहमी संशयाने पाहिले आहे. मुलगा कमावतो म्हणजे घर अडचणीत आले, असा त्याचा अर्थ शेजारीपाजारी लावतात, आणि म्हणून सुटीत छंदवर्गाचे शुल्क भरणे प्रतिष्ठेचे, तर सुटीत पगार घेणे कमीपणाचे ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली, ती या समजुतीच्या नेमकी उलट होती. त्यांच्या वसतिगृहांतील मुले शिक्षणासाठी कष्ट करीत आणि त्या कष्टाची लाज बाळगू नये अशी शिकवण होती. या योजनेची स्तुती करणारी भाषणे महाराष्ट्रात विपुल झाली, पण भाषण करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात ती फारशी शिरली नाही, असे म्हणण्यास जागा आहे. अमेरिकेत १९३८ पासून लागू असलेला कामगार कायदा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी तीन तासांपर्यंत काम करू देतो, आणि तेथील मराठी कुटुंबांतील मुलेही आइस्क्रीमच्या दुकानात उभी राहतात. मात्र त्याच मुलांचे पुण्यातील आजी-आजोबा ही बातमी नातेवाइकांना सांगताना ‘हौस म्हणून’ हे दोन शब्द जोडण्यास विसरत नाहीत.

घर खरोखरच अडचणीत आले तेव्हा काय झाले, याचे सर्वपरिचित उदाहरण लता मंगेशकर यांचे आहे. एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ मंगेशकर निवर्तले, तेव्हा तेरावे वर्षही पुरे न झालेली त्यांची थोरली मुलगी त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. चेहऱ्याला रंग लावणे तिला कधीच आवडले नाही. पण तिच्या त्या पहिल्या नोकरीत चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायक होते, जे घराशी स्नेह असूनही घरातले नव्हते आणि काम देत असूनही केवळ मालक नव्हते. या दोहोंच्या मधली जी जागा असते, तीच पहिल्या नोकरीत महत्त्वाची ठरते.

अशा जागेचे दुसरे उदाहरण बनशंकरीजवळचेच आहे. बनशंकरीच्या उत्तरेला, तिच्या पहिल्या टप्प्याला लागूनच, हनुमंतनगर आहे. तेथे रामोजीराव गायकवाड नावाचे पोलीस शिपाई १९५६ साली निवृत्त झाल्यावर घर बांधून राहिले. कुटुंब मराठी, मूळ पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठारचे. धाकट्या मुलाचे नाव शिवाजीराव, जन्म १२ डिसेंबर १९५०. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई गेली. गवीपुरमच्या सरकारी कन्नड शाळेत आणि पुढे आचार्य पाठशाळेत त्याचे शिक्षण झाले, रामकृष्ण मठातील नाटकांत त्याने कामे केली, आणि शाळा संपल्यावर बंगळुरू व मद्रास या दोन शहरांत त्याने हमाली व सुतारकाम धरून जी मिळतील ती कामे केली. अशा फुटकळ कामांच्या मालिकेनंतर तो बंगळुरू ट्रान्सपोर्ट सर्व्हिस या सार्वजनिक बससेवेत, म्हणजे बीटीएसमध्ये, कंडक्टर झाला. हीच सेवा १९९७ पासून बीएमटीसी म्हणून ओळखली जाते. पुढे त्याचे नाव रजनीकांत झाले, आणि त्या नावाने जे झाले त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

कंडक्टरच्या कामाबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. छापील तिकिटांच्या काळात प्रत्येक किमतीच्या तिकिटांची वेगळी गड्डी असे आणि प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक असे. डेपोतून निघताना कंडक्टरला गड्ड्या, पैशांची चामडी पिशवी आणि वेबिल मिळे. वेबिल म्हणजे रकाने पाडलेला एक मोठा कागद, ज्यावर प्रत्येक टप्प्याला, म्हणजे मार्गाच्या ज्या तुकड्यानंतर भाडे बदलते त्या ठिकाणी, दर गड्डीतील पुढच्या तिकिटाचा क्रमांक नोंदवावा लागे. या नोंदीमुळे मधल्या थांब्यावर चढलेला तपासनीस केवळ वजाबाकी करून कोणत्या टप्प्यावर किती तिकिटे विकली गेली हे सांगू शके, आणि मग त्याची नजर माणसांच्या संख्येवरून पिशवीकडे वळे. दिवस संपल्यावर हिशोब लागला नाही आणि रक्कम कमी भरली, तर ती कंडक्टरच्या खिशातून जाई. रक्कम जास्त भरली तरी सुटका नसे, कारण जास्तीच्या पैशालाही स्पष्टीकरण लागते, आणि प्रामाणिक माणसाला सर्वांत अवघड जाणारे स्पष्टीकरण तेच असते.

हे सारे चालत्या, वळणाऱ्या, अचानक थांबणाऱ्या गाडीत, एका हाताने दांडा धरून करायचे असते. बंगळुरूच्या शहरी बसमध्ये स्त्रिया पुढच्या बाजूला आणि पुरुष मागे अशी विभागणी असल्याने कंडक्टरला एकाच गाडीत दोन वेगवेगळ्या सभांना सामोरे जावे लागते. सुटे पैसे नसले की उरलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून देण्याचा या शहरात जुना प्रघात आहे. उतरताना प्रवाशाने ते तिकीट दाखवायचे आणि कंडक्टरने पैसे परत करायचे. गर्दीच्या वेळी असे डझनभर छोटे कर्जरोखे एकाच गाडीत फिरत असतात, त्यांवर सही नसते, साक्षीदार नसतो, आणि एखादा प्रवासी ते विसरून उतरला तर संध्याकाळच्या हिशोबात त्याचे रुपये कंडक्टरच्या पिशवीत अनाथ होऊन पडतात. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराच्या हाती सबंध दिवस दुसऱ्यांचा पैसा असतो, त्यातला एकही त्याचा नसतो, आणि प्रत्येकाचा हिशोब त्यालाच द्यायचा असतो. नागरिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक सार्वजनिक पैसा म्हणजे काय हे अनेक पानांत सांगू पाहते. चामडी पिशवी ते पहिल्या फेरीत सांगते.

शिवाजीरावाची तिकीट देण्याची लकब, केस मागे टाकण्याची ढब आणि त्यामुळे त्याच्या गाडीला मिळणारी पसंती यांच्या गोष्टी सहकाऱ्यांच्या आठवणींत वारंवार येतात. चाहत्यांना त्यांत भावी नटाची चाहूल ऐकू येते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु झटकन तिकीट फाडणाऱ्या त्या हातांनी रोज रात्री वेबिलाचे रकानेही जुळवले असणार, आणि लकबीपेक्षा तो भाग अधिक कौतुकाचा आहे, असे मत नोंदवणे अवाजवी होऊ नये.

बसमधली अधिकाराची वाटणीही विलक्षण असते. गाडी चालते ड्रायव्हरच्या हाताने, पण सुटते कंडक्टरच्या शब्दाने. मागून ‘रैट, रैट’ आल्याशिवाय गिअर पडत नाही आणि ‘होल्डॉन’ ऐकू आले की ब्रेक लागतो. ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो, दारातून अर्धवट लोंबणारा म्हातारा दिसत नाही. कंडक्टरला म्हातारा दिसतो, समोरची बैलगाडी दिसत नाही. कालच रुजू झालेल्या पोराच्या शब्दावर वीस वर्षे गाडी हाकलेला माणूस विश्वास ठेवतो, कारण त्याखेरीज गाडी हलणारच नाही. घरात बापाचे ऐकायचे असते आणि शाळेत मास्तरांचे. आपला शब्द कोणा अनुभवी माणसाने ऐकून त्याप्रमाणे वागावे, असा प्रसंग मुलाच्या आयुष्यात येतो तो बहुधा कामावरच.

शिवाजीरावाच्या गाडीचे ड्रायव्हर राज बहादूर होते. सोबत्याला नाटकाची ओढ आहे हे त्यांनी जाणले, मद्रासच्या चित्रपटसंस्थेत अभिनय शिकायला जाण्याचा आग्रह धरला आणि १९७३ साली तो गेला तेव्हा पैशाचीही मदत केली. दोन वर्षांनी के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटात तो पडद्यावर आला. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांत यांनी तो गुरू बालचंदर, थोरले बंधू सत्यनारायणराव आणि राज बहादूर यांना अर्पण केला. गुरू आणि भाऊ यांची नावे अशा समारंभांत नेहमीच घेतली जातात, पण बसच्या ड्रायव्हरचे नाव त्या सभागृहात क्वचितच ऐकले गेले असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये रजनीकांत जयनगरच्या बस डेपोत अचानक जाऊन आले, तेव्हाही भेटीगाठी झाल्या त्या ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक यांच्याशी.

पहिल्या नोकरीत असा सोबती प्रत्येकालाच मिळतो असे नाही. बंगळुरूतच १९२५ साली जन्मलेल्या, पुढे चित्रपट-दिग्दर्शक झालेल्या गुरुदत्त यांची पहिली नोकरी कलकत्त्याला, लीव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची होती. तेव्हा ते विशीच्या अलीकडे-पलीकडे होते, आणि त्या जागेवर ते फार काळ राहिले नाहीत. टेलिफोन ऑपरेटर दिवसभर माणसांना माणसांशी जोडून देतो आणि स्वतः कोणाशीच बोलत नाही. अशी नोकरी सोडणाऱ्याला चंचल म्हणणे अन्यायाचे होईल. १९४४ साली ते पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत आले आणि परटाकडून सदऱ्यांची अदलाबदल झाल्याच्या निमित्ताने त्यांची देव आनंदशी मैत्री झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या परटाविषयी मात्र कोणाला काही ठाऊक नाही.

आजच्या बनशंकरीत सतरा वर्षांच्या मुलापुढे वेगळ्याच भिंती आहेत. कंडक्टरचा परवाना मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांआधी मिळत नाही. घरोघर सामान पोहोचवणाऱ्या कंपन्या अठरा पूर्ण असल्याखेरीज घेत नाहीत, आणि कायदा सोळाव्या वर्षी जी दुचाकी चालवू देतो ती पन्नास घनसेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाची नसावी लागते, म्हणजे आता दुकानात सहसा मिळतच नाही अशी. अठरा पूर्ण झाल्यावर तो ज्या कामावर रुजू होतो तेथे वरिष्ठ म्हणून फोनच्या पडद्यावरील नकाशा असतो. तो रस्ता अचूक सांगतो, पैशाचा हिशोब आपोआप करून टाकतो, आणि त्यामुळे मुलाला हिशोब चुकण्याची आणि चुकून शिकण्याची संधी उरत नाही. बेकरीतले, झेरॉक्सवाल्याकडचे किंवा कापडदुकानातले काम पगाराने कमी असले, तरी तेथे निदान माणूस असते. त्या माणसांना, म्हणजे दुकानदारांना आणि जुन्या कामगारांना, एवढेच सांगणे योग्य होईल, की नव्या मुलाच्या हाती पहिल्या आठवड्यात झाडू द्यायला हरकत नाही, पण महिना संपण्याच्या आत एका संध्याकाळी त्याला शेजारी बसवून गल्ल्याचा हिशोबही दाखवावा.