दोन पल्समधला निऑन

आम्हा चंद्रपूरकरांना उन्हाचं फारसं कौतुक नसतं. पोंभुर्णा तालुक्यातल्या ठाणेवासन्याच्या जमिनीत तांबं आहे, हेही ऐकून होतो. पण तांबं तापवून त्यातून लेसर काढायचं काम वाट्याला आलं ते इंदूरला.

कॉपर व्हेपर लेसर 1966 मध्ये पहिल्यांदा चालला. मांडणी साधी. अ‍ॅल्युमिनाच्या नळीत तांब्याचे तुकडे ठेवायचे, हवा काढून निऑन भरायचा आणि विजेचे झटके, म्हणजे पल्स, द्यायचे. त्या झटक्यांनीच नळी तापते. बराच वेळ निऑनचा नारिंगी उजेडच दिसत राहतो. नळी 1500 अंशांच्या आसपास पोचली की 510.6 नॅनोमीटरचा हिरवा किरण येतो, त्यामागून 578.2 चा पिवळा.

पाहायला आलेले लोक तांब्याचं कौतुक करून जातात. पण नळीत तांब्याच्या वाफेचा दाब एक टॉरसुद्धा नसतो आणि निऑन असतो 30-40 टॉर. वाफेला तो नळीच्या टोकांकडे सहजी जाऊ देत नाही, नाहीतर खिडक्यांवर तांब्याचा थर बसायचा.

हे काम दिसतं तरी. खरी गंमत झटका थांबल्यावरची. प्रकाश देऊन खाली आलेले अणू मधल्याच पायरीवर अडकतात, म्हणून लेसर काही दशक नॅनोसेकंदांत आपणच बंद पडतो. सेकंदाला 5,000 झटके असतील तर पुढच्या झटक्यापर्यंत 200 मायक्रोसेकंद उरतात. तेवढ्यात निऑनवर आदळून इलेक्ट्रॉन थंड झाले पाहिजेत. ते थंडावले की अडकलेले अणूही खाली उतरतात. माझ्या मते या लेसरची पॉवर ठरते ती इथे, अंधारात.

मग निऑन वाढवत का नाही? दाब चढला की झटक्याच्या वेळीही इलेक्ट्रॉन दमतात, आणि अणूंना वरच्या पातळीऐवजी त्या नको असलेल्या पायरीवरच नेऊन बसवतात. हेलियम स्वस्त, पण त्यातून उष्णता लवकर निसटते आणि तांबंही.

एक-दोन टक्के हायड्रोजन मिसळला तर पॉवर चांगलीच वाढते. हा हलका वायू इलेक्ट्रॉन झटपट थंड करतो. तो नेमका किती मिसळायचा, ते नळीच्या व्यासावर आणि झटक्यांच्या वेगावर अवलंबून. नवखी मुलं व्हॉल्व्ह फिरवून लगेच मीटरकडे बघतात. वायू बदलला की नळीचं तापमानही सरकतं आणि ते स्थिरावेपर्यंत मीटरवरचा आकडा कच्चाच असतो. तोवर चहा पिऊन यावा.