रक्ताची तिथी
सशाच्या गाभण मादीच्या कानाच्या कडेने जी बारीक शीर जाते, तिच्यातून थोडेसे रक्त काढणे हे काम पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटते. परंतु त्या थेंबांतून निघणाऱ्या आकड्यांवर पुढे औषधांच्या निर्दोषत्वाचे निवाडे अवलंबून असतात, याचे भान ज्याला आहे त्याचा हात प्रथम मादीला निर्धास्त करण्याकडे वळतो आणि मगच सुईकडे. भ्यालेल्या सशाच्या रक्तात साखर चढते, लिम्फोसाइट पेशींचे प्रमाण उतरते, आणि मग यंत्र जे मोजते ते गर्भावस्था नसून भय असते. म्हणून तिला मऊ फडक्यात गुंडाळावे, कानाला ऊब देऊन शीर आपोआप भरू द्यावी, आणि सुई निघाल्यावर रक्त पुरते थांबेपर्यंत कापूस दाबून धरावा, हा या विद्येचा पहिला धडा होय.

१९६१ साली थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातील बालकांवर ओढवलेला व्यंगांचा अनर्थ उघडकीस आला. उंदरांच्या पिलांत जे वैगुण्य सहसा दिसत नव्हते ते सशांच्या पिलांत दिसून आले, आणि गर्भावरील परिणामांच्या तहकिकातीत सशाचे स्थान पक्के झाले. निसर्गाची आणखी एक अनुकूलता अशी, की या जातीत बीजविमोचन समागमानंतर सुमारे दहा-बारा तासांनी घडते, त्यामुळे गर्भाचे वय जवळजवळ तासाच्या हिशेबाने सांगता येते. सुमारे सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयात रुजतो आणि साधारण एकतिसाव्या दिवशी पिले जन्मतात. एवढ्या आखूड अवधीत मातेचे रक्त किती बदलते, हे पाहताना मला आजही विस्मय वाटतो.

गाभण नसलेल्या मादीचे हिमोग्लोबिन सर्वसाधारणपणे शंभर मिलिलिटरांत १० ते १५ ग्रॅम असते. गर्भ वाढू लागला की रक्तरसाचे आकारमान वाढते, आणि पाहुणे आल्यावर आमटीत पाणी वाढवले की डाळ तेवढीच असूनही ती पातळ दिसावी, तसे तांबड्या पेशींचे प्रमाण आणि हिमोग्लोबिन उत्तरार्धात खाली येते. प्रथिनेही घटतात, कोलेस्टेरॉल तर प्रसूती जवळ येता येता बरेच उतरते. अननुभवी परीक्षक येथे रक्तक्षय, कुपोषण असे शेरे मारू लागतो. वस्तुतः वार आणि वाढती पिले यांच्यासाठी देहाने आपणहून केलेली ती तजवीज असते.

त्यामुळे गाभण मादीचा आकडा गाभण नसलेल्या मादीच्या कोष्टकाशी ताडून पाहणे, हा अन्याय दुहेरी ठरतो: निरुपद्रवी औषधावर रक्त बिघडवल्याचा आळ येतो, आणि खरोखर विषारी द्रव्याने केलेली घट गर्भावस्थेच्या नावावर खपून जाते. औषध न दिलेली, त्याच दिवसाची गाभण मादी हाच येथे ग्राह्य दाखला. रक्तही बेताने घ्यावे. चार किलोंच्या मादीच्या अंगात रक्त ते किती, तर सुमारे सव्वादोनशे मिलिलिटर. एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक काढू नये, आणि पुन्हा पुन्हा काढायचे झाल्यास त्याहूनही पुष्कळ कमी. नाहीतर जी घट आपण गर्भाच्या किंवा औषधाच्या खात्यावर मांडतो, ती आपल्याच सुईने केलेली असते.

ज्या प्राण्याला संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नाही, त्याच्या रक्ताचा एकही थेंब निरर्थक ठरू नये, एवढे ऋण तरी आपण मानले पाहिजे. नोंदवहीत आकड्याशेजारी गर्भाचा दिवस लिहिलेला नसेल तर तो आकडा अचूक असूनही निरुपयोगी होतो, आणि त्याच प्रश्नासाठी दुसऱ्या मादीला पुन्हा सुई सोसावी लागते. म्हणून माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी यंत्र दाखवण्याआधी दिवस लिहायला शिकवतो.