विहिरीचा राखणदार

तर झालं असं, की ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या पेट शॉपमध्ये सहज डोकावलो आणि बाहेर पडलो तेव्हा हातात तीन इमोरी होते. एक नर, दोन माद्या. (योकोहामात एकट्या राहणाऱ्या पुणेकराला शुक्रवारी संध्याकाळी काय सुचेल, सांगता येत नाही.)

इमोरी म्हणजे जपानी न्यूट. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा भाऊबंद. पाठ काळपट, पोट लालभडक. कातडीत फुगू माशातलंच विष, म्हणून हात लावला की हात धुवायचे. जपानीत पाल म्हणजे यामोरी, घराची राखणदार. आणि हा इमोरी, विहिरीचा राखणदार. मला तर नावच आवडलं.

साठ सेंटीमीटरची टाकी, वाळू, पाणवनस्पती, कोपऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड. पहिल्या हिवाळ्यात बिचाऱ्यांना थंडी वाजेल म्हणून टाकी हीटरजवळ ठेवली. वसंत आला आणि गेला, एक अंडं नाही. मग कळलं, यांना थंडीच हवी असते! दुसऱ्या हिवाळ्यात टाकी बाल्कनीत गेली. पाणी ८ अंशांवर, मंडळी दगडाखाली निपचित. रोज रात्री टॉर्च घेऊन जिवंत आहेत ना, ते बघायचो.

मार्चमध्ये नराची शेपटी निळसर झाली. मादीची वाट अडवून तो शेपूट वाकवायचा आणि थरथरवायचा. त्या लाटांबरोबर तिच्याकडे एक गंध जातो. १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तो रेणू शोधला आणि त्याचं नाव ठेवलं सोडेफ्रिन. 'सोदे' म्हणजे किमोनोची बाही. राजकन्या नुकाताच्या हजारेक वर्षांहून जुन्या कवितेत प्रियकर बाही हलवून खूण करतो, त्यावरून. आणि आम्ही व्हेरिएबलला नाव देतो टेम्प-२. असो.

मादी मागच्या पायांनी पान दुमडून त्यात एकेक अंडं चिकटवते. मोठी मंडळी ती खातात, म्हणून पानांसकट वेगळ्या डब्यात काढली. पिलांना मानेशी पिसांसारखे कल्ले. हलणारंच खातात, म्हणून रोज मिठाच्या पाण्यात आर्टेमिया उबवायचे, रात्री अकराला घरी आलो तरी.

तीन महिन्यांनी कल्ले आखडायला लागले. याचा अर्थ आता यांना जमीन हवी. हे सगळं मी वाचलेलं होतं हो! पण रिलीजचा आठवडा होता, म्हटलं रविवारी करू. शनिवारी सकाळी गुळगुळीत डब्याच्या तळाशी पाच पिलं पडलेली. आजवर पाण्यातच राहिलेली पिलं पाण्यात बुडून मेली. बाहेर यायला एक काडीसुद्धा नव्हती.

आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उरलेल्यांचं बघ आधी."

उरली चार. ओल्या मॉसवर असतात, पाण्याकडे फिरकतही नाहीत. आता दोन-तीन वर्षं तरी जमिनीवरच. लाल अळी चिमट्याने नाकासमोर हलवली तर खातात. इमोरी वीस वर्षंही जगतो आणि माझा व्हिसा आहे तीन वर्षांचा. ऑफिसातल्या एकाला विचारून ठेवलंय.

तिघांनी काल खाल्लं. सगळ्यात लहान अजून अळीकडे बघतही नाही. चिमटा धुवून ठेवलाय, जेवण झालं की पुन्हा बघतो.