मला फक्त गोष्ट सांगा

गोष्टीची भूक वयाबरोबर मंदावत नाही. दात गेले, गुडघे कुरकुरू लागले, मधुमेहाने गोडाची वाटी ताटातून उचलली, तरी ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न ओठांवर तसाच राहतो. आपल्या पिढीने ही भूक कीर्तनांत, वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांत, आकाशवाणीवरच्या श्रुतिकांत आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकांत भागवली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी ती व्हिडिओ गेममध्ये भागवतो, असे सांगितले की समवयस्कांच्या चेहऱ्यावर प्रथम हसू येते आणि मागोमाग काळजी. त्या दोहोंना मिळून हे उत्तर.

ज्या खेळांविषयी मी लिहितो आहे, ते मोबाइलवर रंगीत फळे जुळवण्याचे खेळ नव्हेत. त्यांना कथाप्रधान साहसी खेळ म्हणता येईल. त्यांत एक सलग कथानक असते. पात्रे, संवाद, प्रवास आणि झुंजी असतात. एखादी कथा आठ तासांत संपते, तर एखादीला पन्नास तासही लागतात. कादंबरीत पान उलटले की घटना पुढे सरकते. येथे नायकाला नदीपार नेल्याशिवाय, डोंगर चढवल्याशिवाय कथा जागची हलत नाही. हाताने केलेल्या या श्रमामुळे ‘त्याने केले’ या वाक्याचे नकळत ‘मी केले’ होते. या माध्यमाची सारी ताकद आणि सारा धोका त्या एका बदलात आहे.

माझ्या पत्नीला नऊ वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान झाले. शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. औषधांच्या वेळा सांभाळता सांभाळता संध्याकाळ होते. रात्री ती झोपली की जो तास हाती येतो, त्यात घराबाहेर पडता येत नाही. एक कान सतत आतल्या खोलीकडे लागलेला असतो. मुलगा परदेशी जाताना त्याचा कन्सोल आमच्याकडे ठेवून गेला, आणि सुट्टीत आलेल्या नातवाने माझ्या हातात कंट्रोलर दिला. “आजोबा, सगळी बटणे पाठ करू नका. आधी नुसते चालायला शिका,” असे तो म्हणाला. घरात दुसऱ्या एका व्यक्तीला तिची फिजिओथेरपिस्ट त्याच आठवड्यात हेच सांगत होती.

पहिला खेळ होता ‘गॉड ऑफ वॉर’, २०१८ साली आलेला. आरंभी तो खेळ काठिण्याची पातळी विचारतो. चार पर्यायांतल्या सर्वांत सोप्या पर्यायाचे नाव आहे ‘गिव्ह मी अ स्टोरी’. मला फक्त गोष्ट सांगा! माझ्यासारख्याची निकड कुणी इतक्या नेमक्या शब्दांत ओळखलेली पाहून बरे वाटले. या पातळीवर शत्रू लवकर नमतात आणि संधिवाताच्या बोटांनाही कथा पुढे नेता येते.

कथा नॉर्स पुराणांच्या जगात घडते. क्रेटॉस नावाचा दणकट, अबोल योद्धा एक झाड तोडतो आहे. त्या झाडावर सोनेरी हाताचा ठसा आहे. ते लाकूड त्याच्या पत्नीच्या चितेसाठी आहे. नऊ लोकांतल्या सर्वांत उंच शिखरावरून आपली रक्षा विसर्जित व्हावी, ही तिची अंतिम इच्छा. रक्षेची पिशवी कमरेला बांधून बाप आणि लहान मुलगा अट्रेयस निघतात. सारा प्रवास कॅमेरा एकदाही न तोडता, सलग दाखवला आहे; त्यामुळे त्या बापलेकांची सोबत क्षणभरही सुटत नाही. मुलगा व्याकूळ आहे. त्याच्या पाठीवर ठेवण्यासाठी बाप हात पुढे करतो आणि तसाच मागे घेतो. आपल्याकडे अनेक घरांतले वडील असेच होते. त्या मागे घेतलेल्या हातासाठी शब्द लागले नाहीत.

नावेतून जाताना मिमिर नावाचे एक बोलके पात्र जुन्या कथा सांगते. नाव काठाला लागली की कथा अर्ध्यावर थांबते आणि पुन्हा नावेत बसल्यावर तेथूनच सुरू होते. कथा ऐकण्यासाठी मी कित्येकदा तळ्यात उगाचच वल्ही मारत फिरलो आहे. दोषही सांगायला हवेत. त्याच त्या अजस्र राक्षसांशी पुन्हा पुन्हा लढावे लागते, तेव्हा कंटाळा येतो. आणि पडद्यावरची अक्षरे चाळिशी लावूनही बारीक वाटतात.

या कथेतली फ्रेया मात्र आमच्या घरात राहायला आली. ती माता आहे. मुलाचा मृत्यू होणार, या भाकिताने भयभीत होऊन ती बाल्डरवर असा मंत्र घालते की त्याला कशानेही इजा होऊ नये. मंत्र फळतो. पण त्याच मंत्राने त्याच्या साऱ्या संवेदना जातात. त्याला वेदना कळत नाही, तसे सुखही कळत नाही. अन्नाची चव नाही, स्पर्शाची ऊब नाही. वाचवलेला मुलगा आईचा वैरी होतो.

एका दुपारी पत्नी शेजारी बसून हे पाहत होती. कंपवातात गंध आणि त्याबरोबर चवही मंदावते. पुष्कळदा हे लक्षण थरथरीच्याही आधी येते. फोडणीचा वास तिला येईनासा होऊन बरीच वर्षे झाली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अहो, त्याला जेवणाची चवही कळत नाही, तर मग आईने त्याचे वाचवले तरी काय?” थोड्या वेळाने तिने विचारले, “कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे मी एकटीने जाऊ का?”

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. कंपवातात तोल जातो, चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. या वयात खुब्याचे हाड मोडले तर सारे आयुष्य बदलते. पण कुणी कधी पडूच नये, अशी व्यवस्था पूर्ण केली, तर त्या माणसाच्या वाट्याला उरते काय? आम्ही दोघांनी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारले. औषधाचा अंमल चांगला असतो तो सकाळचा तास ठरला. दारातले पायपुसणे उचलले, जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला, पायांत न घसरणारे बूट आले, गळ्यात मोबाइल आला. पहिल्या दिवशी मी खिडकीत उभा होतो. ती अर्धा किलो वांगी घेऊन वीस मिनिटांनी परतली. वांगी निबर होती. आम्ही त्यांचे भरीत केले. त्यानंतर ती जात राहिली आहे. भीती गेलेली नाही. ती आम्ही दोघांनी वाटून घेतली आहे.

दुसरा खेळ ‘रेड डेड रिडेम्प्शन २’; तोही २०१८ चाच. १८९९ सालची अमेरिका, आणि आर्थर मॉर्गन नावाचा एक दरोडेखोर. या खेळाची गती संथ आहे. घोड्याला खरारा करावा, आर्थरच्या वहीतली त्याने काढलेली चित्रे पाहावीत, डोंगरावरचा पाऊस पाहावा. आर्थर कर्जवसुलीसाठी एका आजारी माणसाला मारहाण करतो. तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो. पुढे कित्येक तासांनी आर्थरला खोकला सुरू होतो, तो रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर निदान करतात : क्षय.

आजवर पडद्यावर मी अनेक रुग्ण पाहिले. पण क्षीण होत जाणारे शरीर ‘चालवण्याचा’ हा पहिलाच अनुभव. जो गडी माझ्या एका इशाऱ्यावर दौडत होता, तो आता धापा टाकतो, त्याचे गाल बसतात, डोळे लाल होतात, अंगावरचे कपडे सैल होतात. रेल्वे स्थानकावर एका वृद्ध जोगिणीजवळ तो आपल्याला भीती वाटत असल्याचे कबूल करतो. त्या प्रसंगी मी कंट्रोलर खाली ठेवला. उरलेले दिवस कुणाच्या उपयोगी पाडावेत, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर खेळणाऱ्याच्या हातांनी द्यायचे असते.

माझे एक चुलते मी जन्मण्यापूर्वी क्षयाने गेले. त्यांचे वेगळे ठेवलेले पितळी भांडे आजी अखेरपर्यंत कुणाला वापरू देत नसे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली शोधला होता, पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती आले. आर्थर त्या दोन तारखांच्या मधल्या काळातला आहे : शत्रूचे नाव ठाऊक, शस्त्र नाही. आज शस्त्र आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे मोफत मिळतात. नेहमीच्या क्षयावर साधारण सहा महिने उपचार चालतात आणि बरे वाटू लागले तरी ते मध्येच सोडायचे नसतात. हे सारे आपण फलकांवर वाचलेले असते. आर्थरबरोबर पन्नास तास चालल्यावर ते निराळ्या रीतीने कळते.

तिसरा खेळ छोटा, पण सर्वांत जड : ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’, २०१७ चा. सेनुआ ही तरुण योद्धा मृत प्रियकराच्या आत्म्यासाठी पाताळात उतरते. तिला मनोविकृतीचा, म्हणजे सायकोसिसचा, आजार आहे. खेळ बनवणाऱ्यांनी केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचे आणि असे आजार स्वतः अनुभवलेल्या व्यक्तींचे साहाय्य घेतले होते. कानांवर हेडफोन लावून खेळावे, अशी आरंभीच सूचना असते. मग डाव्या कानाशी कुणी कुजबुजते, मागून कुणी हिणवते, कुणी रडते. क्वचित त्यांतलाच एखादा आवाज ‘मागे बघ’ असा खरा इशाराही देतो. आवाज बंद करण्याचे बटण सेनुआजवळ नाही. माझ्याजवळ होते. मी हेडफोन काढू शकत होतो.

गेल्या पावसाळ्यात पत्नीला कोपऱ्यात एक लहान मुलगी बसलेली दिसू लागली. कंपवातात असे भास होऊ शकतात. कधी रोगामुळे, कधी औषधांमुळे. “तिला भूक लागली असेल,” असे ती म्हणाली, तेव्हा मला सेनुआ आठवली. मी म्हणालो, “तुला दिसते आहे, मला दिसत नाही. तुला तिची भीती वाटते का?” ती म्हणाली, “भीती नाही, पण काळजी वाटते.” आम्ही दिवा लावला, मी तिचा हात धरून बसलो, आणि सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषधांत बदल केला आणि महिन्याभरात ती मुलगी येईनाशी झाली. असे भास दिसले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. औषधे मात्र आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नयेत.

आता पथ्ये. हे तिन्ही खेळ हिंसक आहेत. अमेरिकेच्या वर्गवारीत ते १७ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. नातवंडे घरात असताना मी ते लावत नाही. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झगमगत्या पडद्यासमोर बसू नये. फिरत्या दृश्यांनी काहींना गरगरते. तसे झाल्यास लगेच थांबावे. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे, मान व मनगटे सैल करावीत. निजण्याच्या तासभर आधी मी खेळ बंद करतो, कारण झुंजीनंतर झोप रुसते. खेळापुढे इतर सारे गौण वाटू लागणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हणून नोंद केली आहे; ते नवे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. ही सूचना आजोबांनाही लागू आहे.

स्मरणशक्ती वाढेल, या आशेने मात्र हे खेळ घेऊ नयेत. २०१३ साली ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींवर एका खेळाचा प्रयोग झाला आणि त्यांची एका वेळी दोन कामे सांभाळण्याची क्षमता सुधारली, हे खरे. पण तो खेळ त्याच हेतूने खास बनवलेला होता. गोष्टीचे खेळ गोष्टीसाठीच खेळावेत. नजर किंवा हात साथ देत नसतील, तरी निराश होऊ नये. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात अक्षरे मोठी करणे, मजकूर वाचून दाखवणे अशा ६० हून अधिक सोयी आहेत. आणि नुसते शेजारी बसून पाहणे हाही सहभागच आहे. आमच्या घरी निम्मे निर्णय शेजारच्या खुर्चीतून येतात.

त्या खुर्चीला आता फ्रेयाची चिंता लागली आहे. मुलगा गमावलेल्या त्या आईचे पुढे काय होते, ते २०२२ साली आलेल्या पुढच्या भागात आहे. तो आम्ही रविवारी सकाळी, भाजी आणून झाल्यावर, औषधाच्या चांगल्या तासात सुरू करणार आहोत.