गुणगुण आणि उचंत खाते

व्यापारी घरात वस्तू दोन वाटांनी येते. दुकानाच्या पुढच्या दाराने येते ती विक्रीसाठी, आणि मागच्या जिन्याने चढते ती वापरासाठी. नारायणगावच्या पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानावर जी माडी आहे, तिच्या जिन्याने एके दिवशी एक ॲम्प्लिफायर वर गेला. धाकट्या नातवाने तो पुण्याहून जुना विकत आणला होता. जाड प्लायवूडची पेटी, आत पंधरा इंची एकच स्पीकर, आणि वजन इतके की दुकानातल्या हमालाने तो मधल्या पायरीवर टेकवून दोनदा दम घेतला. घरात कोणी रागावले नाही. मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने विचारून घेतले. वडिलांनी किंमत विचारली, आईने तो ठेवणार कुठे हे विचारले, आणि आजीने नातवाच्या गिटारीकडे पाहून विचारले, “हिला चारच तारा कशा? बाकीच्या तुटल्या का?”

तारा तुटलेल्या नव्हत्या. बेस गिटारला मुळात चारच तारा असतात. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम माणसापेक्षा उंच असे उभे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे जिकिरीचे आणि मोठ्या जमावात त्याचा आवाज पोहोचणे त्याहून अवघड. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने गिटारीसारखे गळ्यात अडकवता येणारे विजेवरचे बेस बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी त्याला जोडीचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर दिला. स्वतंत्र देणे भागच होते. या वाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकवायचा तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. साध्या गिटारीच्या लहान स्पीकरवर तो वाजवत राहिले, तर स्पीकर फाटण्याची भीती असते.

खर्जाचा आणखी एक स्वभाव घराला लवकरच कळला. ४१ कंपनांच्या स्वराची लहर हवेत आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे माडीच्या त्या खोलीपेक्षाही लांब. अशा आवाजाला भिंत फारशी अडवत नाही. खोलीत बसलेल्या नातवाला जो स्वर बेताचा वाटे, त्याने खाली दुकानाचे शटर थरथरे आणि पलीकडच्या खोलीत सामायिकाला बसलेल्या आजीच्या पाटाखाली जमीन हलल्यासारखी होई. आजीने तक्रार केली नाही, पण एका संध्याकाळी तिने नातवाला शेजारी बसवून घेतले. “अठ्ठेचाळीस मिनिटे मला दे, उरलेला दिवस तुझा,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून सामायिकाची वेळ ही ॲम्प्लिफायरचीही विश्रांतीची वेळ झाली. नातवाने पेटीखाली जाड रबराचे तुकडे घातले, तेव्हा शटरही बरेचसे शांत झाले.

या पट्ट्यात मोठा आवाज नवा नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी गावोगावचे पंच येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव ज्या गावाशी जोडलेले आहे, त्या गावाच्या कानाला खर्ज कोणी शिकवायला नको. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा चुकला तर मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही कळते. नातू ज्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागला, तो लग्नांत आणि गणेशोत्सवांत जुन्नर, घोडेगाव, मंचर असा फिरे. तेथेही त्याचे काम हेच होते. त्याचे वाजवणे कोणाच्या वेगळे लक्षात येत नसे, पण तो थांबला की गाणे पोकळ वाटे.

पहिल्या उन्हाळ्यात ॲम्प्लिफायर गुणगुणू लागला. गिटारीला हात न लावताही स्पीकरमधून एक अखंड घुमघुम येई. तारांना बोट लावले की ती कमी होई, सोडले की पुन्हा वाढे. नातवाने पद्धतीने शोध घेतला. गिटार काढून पाहिली, केबल बदलून पाहिली, आवाजाची बटणे एकेक करून शून्यावर आणली. एका बटणातून खरखर येत होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण पाच-दहा वेळा फिरवल्यावर गेली. पेटीच्या मागचा एक सैल स्क्रू खर्जाच्या स्वराला झणझणत होता, तो आवळला. माडीवरचा जुन्या चोकचा ट्यूबलाइट बंद केला तेव्हा गुणगुण थोडी उतरली. मूळ घुमघुम मात्र राहिलीच.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला परिसरातील शाळांची मुले तेथे जातात. शाळेत असताना नातूही गेला होता. आकाशातून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात, म्हणून ते वाढवणारा पहिला ॲम्प्लिफायर तबकडीपाशीच आणि शक्य तितका शांत ठेवावा लागतो. पहिल्या पायरीवर जो गोंगाट शिरतो, तो पुढची प्रत्येक पायरी संकेताबरोबरच वाढवत नेते. मग तो वेगळा काढणे फार कठीण. विजेच्या खांबावर एखाद्या सैल जोडाशी ठिणगी उडत असेल, तर तीही तेथे ऐकू येते आणि शोधून काढावी लागते. खोडदच्या तबकड्यांची आणि माडीवरच्या पेटीची बरोबरी नाही, पण नियम एकच आहे. शेवटच्या टोकाला आवाज दाबण्यापेक्षा पहिल्या जोडापाशी जाऊन पाहावे.

नातवाला मात्र सोपा उपाय सापडला होता. ऑर्केस्ट्रातील एका जुन्या वादकाने सांगितले, “थ्री पिनची वरची जाड पिन काढून टाक. गुणगुण गेलीच म्हणून समज.” त्याने करून पाहिले आणि खरोखरच घुमघुम थांबली. ती जाड पिन म्हणजे अर्थिंगची. दोन यंत्रे दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली असली, की त्या वाटांमधून थोडी वीज फिरते आणि तिची गुणगुण होते. एक वाट तोडली की गुणगुण थांबते. तारेला बोट लावल्यावर आवाज कमी होतो, त्याचे कारण मात्र वेगळे. गिटारीच्या तारा आतून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा अर्थिंगला. अर्थिंग तोडले आणि आतली एखादी जिवंत तार कधी सांगाड्याला लागली, तर विजेला जमिनीकडे जायला वादकाच्या देहाखेरीज दुसरी वाट उरत नाही.

ही केवळ शंका नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस्ली हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक हजारभर श्रोत्यांसमोर मंचावर कोसळून मरण पावला. एका हातात गिटारीच्या तारा आणि दुसऱ्या हाताचा स्पर्श अर्थिंग नसलेल्या माइकला, एवढेच घडले होते. चार वर्षांनी किथ रेल्फ हा गायक आपल्या घरीच, नीट अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना गेला. दोघेही तरुण होते आणि दोघांनाही वाद्ये हाताळण्याचा वर्षांचा सराव होता.

आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते. पण टेबलावर पडलेली पितळी पिन त्यांनी पाहिली आणि ती का काढली हे विचारले. नातवाने सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

“रोजमेळात सात रुपयांचा फरक आला तर मुनीम काय करतो, माहीत आहे ना?” त्यांनी विचारले.

“उचंत खात्यात टाकतो.”

“आळशी मुनीम टाकतो. मेळ बसतो, दिवा मालवून घरी जाता येते. पण ते सात रुपये कुठे गेले, हे कळत नाही. उद्या ते सात हजार झाले तरी तो उचंत खातेच दाखवणार. ही पिन काढून तू तेच केलेस.”

“पण आजोबा, परवा कार्यक्रम आहे.”

“तर मग परवापर्यंत शोध.”

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षांत कोणी पाणी घातले नव्हते. उन्हाळ्यात आतली माती, कोळसा आणि मीठ अगदी कोरडे पडले होते. माडीवरच्या एक्स्टेंशन बोर्डात तर अर्थिंगची हिरवी तार स्क्रूतून सुटून नुसतीच लोंबत होती. ती जोडली, खड्डा भिजवला, आणि ॲम्प्लिफायर व त्याला जोडलेली इतर यंत्रे एकाच बोर्डावर आणली. दोन वाटांची एक वाट झाली. पिन पुन्हा जागेवर बसली आणि गुणगुण कानाला जेमतेम जाणवेल इतकी राहिली. वायरमनने जाताना आणखी एक गोष्ट दाखवली. दुकानात कटरचे आणि ड्रिलचे नमुने ग्राहकांना चालवून दाखवले जात, ते ज्या सॉकेटवर चालत त्यालाही अर्थिंग नव्हते. वडिलांनी त्याच आठवड्यात मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. देहातून वा इतरत्र वीज जमिनीत गळू लागली, तर निमिषार्धात प्रवाह तोडणारे हे साधन आहे. ॲम्प्लिफायरने घरासाठी केलेले हे पहिले काम.

मंचरच्या कार्यक्रमात त्याचे दुसरे काम झाले. मंडपात जनरेटरवरची वीज होती आणि गायिकेच्या माइकची यंत्रणा भाड्याने आणलेली. नातवाने या वेळी खिशात मल्टीमीटर ठेवला होता. वाजवण्याआधी त्याने एक टोक गिटारीच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावले. काटा शंभर व्होल्टच्या पुढे गेला. त्याच्या ॲम्प्लिफायरचे अर्थिंग चोख होते, दोष समोरच्या यंत्रणेत होता. पण दोघांना एकाच वेळी स्पर्श करणाऱ्याला त्या भेदाचा काही उपयोग नसतो. आपले चोपडे चोख असले तरी समोरच्याच्या चोपड्यात घोळ असेल, तर व्यवहार धोक्यातच राहतो. यजमान चिडले, वऱ्हाडी ताटकळले, आणि अर्धा तास जनरेटरजवळ लोखंडी सळई जमिनीत ठोकून, तिच्यावर पाणी ओतून जोडण्या तपासण्यात गेला. काटा शून्याजवळ आल्यावरच गायिकेने माइक हाती घेतला. तिला काय टळले हे त्या दिवशी कोणी समजावून सांगितले नाही. तशी गरजही नव्हती. तिला गायचे होते आणि ती छान गायली.

तेव्हापासून नातू एक लहान वही ठेवतो. तारीख, गाव, वीज कोठून घेतली, मीटरने काय दाखवले, काय दुरुस्त केले, अशा पाच रकान्यांची. ऑर्केस्ट्रातील जुना वादकही आता मंचावर चढण्याआधी “मीटर लावला का?” असे विचारतो. कधी कधी आजोबा ती वही चष्मा लावून वाचतात. विजेतले त्यांना फारसे कळत नाही, पण रकाना रिकामा राहिला असेल तर बोट ठेवून दाखवतात. दुकानात ड्रिल घ्यायला आलेल्या ग्राहकाला ते यंत्राबरोबर एक प्रश्नही देतात, “तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातले होते?” पुष्कळांना आठवत नाही. काही जण घरी जाऊन घालतात.