कोल्हेमारे

आजोबांच्या ट्रंकेत बीजगणिताचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. शिवण उसवलेली, पानं पिवळी, लेखक टॉडहंटर. त्यातली गणितं मला कधी सुटली नाहीत, नाव मात्र डोक्यात राहिलं. पुढे कळलं, उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘टॉड’ म्हणजे कोल्हा. (खरं तर खोकड, पण आपणही सर्रास कोल्हाच म्हणतो.) म्हणजे हा आपल्या वाघमाऱ्यांचा लांबचा भाऊबंद! कोकरं पळवणारा कोल्हा तिकडे वैरीच. १५६६ च्या कायद्यानं तर कोल्ह्याचं मुंडकं आणून देणाऱ्याला गावच्या चर्चकडून बारा पेन्स मिळत.

पुस्तकवाला आयझॅक टॉडहंटर मात्र १८२० साली जन्मला तो पार दक्षिण किनाऱ्यावर, राय गावात. बाप धर्मोपदेशक, तो लवकर गेला. आईनं शाळा काढून संसार ओढला. लहानपणी मंद समजला गेलेला हा पोरगा १८४८ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला आणि मग पाठ्यपुस्तकं लिहीतच सुटला. त्यांतली काही उर्दूतही आली.

मुलांनी प्रयोग स्वतः पाहायची गरज नाही, शिक्षक सांगतात ते मानावं, असं त्यानं १८७३ मध्ये चक्क छापून टाकलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं एकदा प्रकाशाचा एक दुर्मीळ प्रयोग पाहायला बोलावलं, तर हा म्हणे गेलाच नाही. जन्मभर जे शिकवलं, ते आता पाहून डोकं कशाला फिरवून घ्यायचं! कोल्ह्याच्या मागावर जाणाऱ्याला ठसे बघावे लागतात, वाऱ्याची दिशा बघावी लागते. त्याचं आडनाव लावणारा माणूस बघायलाच तयार नाही, याची मला गंमत वाटते. थोडा रागही येतो. शाळेत आम्हीही लिटमस तांबडा होताना पाहिला तो फळ्यावरच, खडूनं.

बाकीचे टॉडहंटरही कोल्ह्याच्या वाटेला गेलेले दिसत नाहीत. डब्लिनचा जॉन डॉक्टरकी सोडून कवितेत रमला. विनिफ्रेडनं न्यूयॉर्कात मुलींची शाळा चालवली. १९२७ मध्ये ती एलिनॉर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेची फर्स्ट लेडी) आणि तिच्या मैत्रिणींनी विकत घेतली. एलिनॉर स्वतः तिथे इतिहास शिकवी, तरी पाटी टॉडहंटरचीच राहिली.

परवा ते पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटची, उत्तरांची पानं कसरीनं खाल्ली आहेत.